सावळारामचा आवाज आणि पंढरीचं नाक

पंढरीचं नाक दहाव्या वर्षी वाकडं झालं, आणि तिथून पुढे त्याचं आयुष्य बरं चाललं होतं.

अंजूरच्या शाळेमागे तेव्हा शेत होतं. आता तिथे गोदाम आहे आणि गोदामात कुठल्याशा परदेशी पंख्यांची खोकी आहेत. त्या शेतात मामाने टाकलेला बॉल पंढरीच्या नाकावर बसला आणि आतला पडदा जो डावीकडे कलला तो कललाच. पुढे मिसरूड फुटताना आवाज फुटला तोही नाकातून. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तसा. दुसरा कुणी लाजला असता. पंढरीने माइक हातात घेतला.

दिवसा तो वडप्याच्या एका गोदामात गेटपास लिहायचा. शनिवार-रविवार मात्र खाडीपट्ट्यात टेनिस क्रिकेटचे सामने असोत, साखरपुडे असोत की हळदी, माइकवर पंढरीच. लांबून भोंग्यावर नुसतं 'मंडळी' ऐकू आलं तरी बाया म्हणायच्या, आज पंढरीदादा कुठंतरी बोलतोय. लोकांच्या चार-पाचशे हळदींत तो बोलला असेल. आता त्याच्या स्वतःच्या लेकीची, भाविकाची हळद ठरली होती. त्या दिवशी माइक दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नाही, हे त्याने मुलगा पसंत पडायच्या आधीच ठरवलेलं होतं.

घोळ झाला साखरपुड्याच्या व्हिडिओमुळे. तिथेही पंढरीच बोलला होता. मुलाकडची मंडळी अकलोलीची. त्यांनी व्हिडिओ घरी बसून शांतपणे पाहिला, आणि मुलाच्या आत्याने फोन करून फार आपुलकीने विचारलं, "व्याहीबुवा, तुमच्या मंडपामागं लूम चालू होता का हो?"

पंढरीने व्हिडिओ पुन्हा लावला. खरंच, प्रत्येक दोन वाक्यांच्या मधे 'सुर्रर्र' असा आवाज येत होता. भिवंडीच्या आसपास जन्म काढलेल्या माणसाला लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, आवाज ऐकू येत नाही, जसा आपल्याला आपल्या घराचा वास येत नाही. पण हा लूम नव्हता. पंढरी श्वास घेत होता.

"बायको बावीस वर्षं सांगत होती," विनिता म्हणाली. "तिचं ऐकलं नाही. आत्याबाईंचं लगेच ऐकू आलं."

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या हेमालीवहिनी म्हणाल्या, अकलोलीच्या गरम कुंडात नाक बुडवा, माझ्या भावाची सायटिका गेली. सायटिकेचा नाकाशी संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्या निघून गेल्या होत्या. साउंडवाला कुणाल म्हणाला, "दादा, टेन्शन नको घेऊ. मैं इको बढ़ा देता हूँ, सब छुप जायेगा." पंढरी कुंडात नाक बुडवून आला. मग आठवडाभर तो टोमॅटोसारखं नाक घेऊन गेटपास लिहीत होता, आणि ट्रकवाले त्याला जपून वागवत होते, कारण त्यांना वाटलं साहेब प्यायला लागले.

शेवटी ऑपरेशन ठरलं. म्हणजे पंढरीने ठरवलं. विमा कंपनीचं अजून ठरत नव्हतं.

"नाक केव्हापासून वाकडं?"

"एक्क्याण्णवपासून."

"कशामुळे?"

"बॉल लागला."

"पोलीस तक्रारीची प्रत?"

"मी दहा वर्षांचा होतो हो. बॉल मामाने टाकलेला."

"मग कौटुंबिक वाद लिहू?"

"जन्मापासून वाकडं लिहा."

"चालेल. जन्माच्या वेळचा फोटो लागेल. बाजूने काढलेला."

यातून कसं निभावलं ते सोडून देऊ. पण या सगळ्यात पंढरीने एक गोष्ट पक्की केली, की विमा गोदामाच्या कंपनीमार्फत आहे, तेव्हा फॉर्म म्हणजे त्या कंपनीचा डोळा. म्हणून इस्पितळाच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या ओळीत त्याने 'कनिष्ठ लिपिक, गेटपास' लिहिलं. खाली छापलेलं होतं: आपण आवाजाचा व्यावसायिक उपयोग करता का? (गायक, वक्ते, शिक्षक, निवेदक.) पंढरीचा पेन थांबला. हो म्हटलं तर कंपनी म्हणणार, आमच्याकडे नोकरी असताना बाहेर काय बोलत फिरता? त्याने 'नाही'वर खूण केली. त्याच्या आयुष्यातलं बहुधा हे सर्वांत लहान खोटं असावं, आकाराने.

डॉक्टर मेघाली तरुण होत्या आणि नीट विचारणाऱ्या होत्या. "गाणं, भजन, भाषण, असं काही करता का? नाक म्हणजे आवाजाची खोली असते. भिंत हलवली की घुमणं बदलतं. न, म ही अक्षरं तर नाकातूनच येतात. बहुतेकांना काही फरक कळत नाही, पण आवाजावर काम करणाऱ्यांना कळतो. म्हणून विचारते."

"छे छे," पंढरी म्हणाला. "मी शिक्के मारतो."

*

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी नाकातल्या पट्ट्या काढल्या. खोलीत विनिता होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर पंढरीची आई हौसा होती, डोळे मिटून, हातातल्या पिशवीवर हात ठेवून.

"आता बोला काहीतरी," डॉक्टर म्हणाल्या.

पंढरी म्हणाला, "विनिता, चहा सांग जरा."

एवढंच वाक्य. पण ते जाड, ओलं आणि संथ आवाजात आलं. भरतीच्या वेळी खाडीवरून कुणी न ओरडता हाक मारावी तसं. त्यात भुंगा नव्हता, डबाही नव्हता. पंढरीने मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मागे भिंत होती.

हौसा स्टुलावरून उठली होती. तिने डोक्यावर पदर ओढला, नऊ वर्षांत ओढला नव्हता तसा, पुढे कपाळापर्यंत. आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सांगते."

विनिताच्या हातातली पाण्याची बाटली फरशीवर पडली. तिनेही तो आवाज ओळखला होता. सून म्हणून तिने तो तेरा वर्षं ऐकला होता आणि नऊ वर्षांपूर्वी त्याच्या फोटोला हार घातला होता. तो आवाज तिच्या सासऱ्याचा, सावळारामचा होता.

विनिताने सांगितलं तेव्हा डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं नाही. "घसा वडिलांसारखा असणारच. मोठेपणाचा आवाज फुटायच्या आधी नाक वाकडं झालं, म्हणून तो कधी कुणी ऐकलाच नाही. आता सूज आहे, त्यामुळे जास्त जड वाटतोय. सहा आठवडे ते तीन महिन्यांत बसेल. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवा." मग त्यांनी फॉर्म पुन्हा पाहिला. "पण तुम्हाला एवढा घाम का आलाय? तुम्ही आवाजावर काम करता का?"

"हो," सावळारामचा आवाज म्हणाला.

"मग इथे 'नाही' का लिहिलंत?"

"तो फॉर्म कंपनीला जातो."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

हळदीला सात आठवडे होते.

*

घरी पंढरीला दोन जागा झाल्या. गप्प बसला की तो हौसाचा पोरगा असायचा: पाय पुसून ये, टॉवेल उचल, टीव्ही बारीक कर. तोंड उघडलं की हौसा पदर ओढायची आणि दाराच्या उंबऱ्याकडे पाठ करून बसायची. तिच्या काळात बायका नवऱ्याशी अशाच बोलायच्या. आणि ती बोलायला लागायची. नऊ वर्षांचं साचलेलं होतं.

"वरच्या आलीतला आंबा पडला. नवशाची म्हस मेली. बांधावरचं शेत गोदामवाल्याला दिलं, मला इचारलं सगल्यांनी, मी व्हय म्हनलं, तू असतास तर तू पन व्हयच म्हनला असतास. भाविका शिकली. लगीन ठरलंय. पोरगा बरा हाय, कान जरा मोठं हायत."

पंढरीला कळेना यावर काय बोलावं. बोललं तर आणखी ऐकावं लागणार. न बोललं तर ती पाठ करून थांबून राहायची, आणि ते जास्त अवघड होतं. मग तो म्हणायचा, "हं." त्या 'हं'नेसुद्धा भिंतीवरचं घड्याळ थरथरल्यासारखं वाटायचं.

पंढरी घोरायचा, ते विनिताचं दुखणं कायमचं गेलं. पण ती उशी घेऊन भाविकाच्या खोलीत गेली. "झोपेत बोलता तुम्ही. मामंजींच्या आवाजात. काल म्हणालात, सूनबाई, नळ टपकतोय. उठून बघितलं तर टपकत होता."

"मी झोपेत ऐकला असेल."

"तुम्ही मला कधी सूनबाई म्हणता?"

ऑपरेशनला दोन आठवडे झाले असतील, तेव्हा नवशाकाका आले. सावळारामचे जुने सोबती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, त्यामुळे त्यांना पंढरी दिसत नव्हता. त्यांच्या दृष्टीने तर प्रश्नच मिटला होता.

"सावल्या," ओट्यावर टेकत ते म्हणाले, "आलास ता बरा झाला. माज्या होडीचा नांगर कुठं टाकलास रे?"

पंढरीला म्हणायचं होतं, काका, मी पंढरी. त्याने तोंड उघडलं. "वासूच्या बांधाला. तिसऱ्या खुंटाच्या खाली."

अंजुरात वासू नावाचं कुणी आहे हे पंढरीला माहीत नव्हतं. नव्हतंच. होता तो साठ वर्षांपूर्वी. नवशाकाकांच्या मुलांनी दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून, थट्टा म्हणूनच, त्या जागी चिखल उकरला. तिसऱ्या खुंटाखाली कमरेइतका खड्डा झाल्यावर पहार लोखंडावर वाजली.

तो नांगर पंढरीच्या ओट्यासमोर आणून ठेवला. गंजाची चार बोटं वर केलेला. पंढरीला पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीती वाटली तरी 'अगं आई' म्हणायची सोय उरली नव्हती.

गावाला मात्र भीती वाटली नाही. गावाला कामं आठवली. कुणाला बाराव्या वर्षी हरवलेली नथ हवी होती, कुणाला आजोबांनी कुठल्या देवाला काय नवस बोललेला ते हवं होतं, एकाला नुसतं विचारायचं होतं, की माझा बाप तुला तिकडे भेटतो का आणि अजून चिडलेला आहे का. रविवारी सकाळी ओट्यावर चपलांची रांग लागली. पंढरी आतल्या खोलीत तोंडाला रुमाल बांधून बसला. आपल्या आवाजाला गर्दी जमावी म्हणून त्याने उभा जन्म घासला होता, आणि आता जमली होती ती बापाला.

त्यातच विमा कंपनीचा फोन आला. खात्री करायला.

"पेशंटशी बोलायचंय."

"बोलतोय."

"वय?"

"पंचेचाळीस."

पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजला. "सर, आवाज पंचाहत्तरचा येतोय. पेशंट आपणच आहात असं प्रतिज्ञापत्र पाठवा."

तहसील कचेरीतल्या खिडकीमागे निवृत्तीला टेकलेला एक कारकून मान खाली घालून लिहीत होता. पंढरी म्हणाला, "साहेब, एक प्रतिज्ञापत्र करायचंय."

कारकुनाने मान वर केली नाही. "सावळाराम, तुमचं नाव कमी करून नऊ वर्षं झाली. फेरफार मीच घातला. वारसांना पाठवा. मेलेल्यांचं काम या खिडकीवर होत नाही."

"मी वारसच आहे."

आता त्याने मान वर केली. पंढरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ओठांकडे, मग पंढरीच्या मागे कुणी उभं आहे का तेही. आणि सकाळी साडेदहा वाजता खिडकीवर पाटी लागली: जेवणाची सुट्टी.

*

पंढरीने आता सगळा भार मिठाच्या पाण्यावर टाकला. सूज उतरली की आवाज बसेल. हळदीला चार आठवडे. तीन. तो सकाळ-संध्याकाळ नाक धुवायचा, वाफ घ्यायचा, आणि मोरीत उभा राहून म्हणून बघायचा, "मंडळी, मंडळी." मोरीतून सावळाराम म्हणायचा, मंडळी, मंडळी. आणि स्वयंपाकघरातून हौसा म्हणायची, "आले."

मग नाक धुवायची बाटली हरवली. नवी आणली, तीही हरवली. दोन्ही तांदळाच्या डब्यात सापडल्या. वाफेचं भांडं हेमालीवहिनी 'जरा' म्हणून घेऊन गेल्या होत्या आणि त्यात त्यांनी कोथिंबीर लावली होती. गावच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश फिरत होता: 'पंढरीदादांनी हळद होईपर्यंत वाफ घेऊ नये, ही ग्रामस्थांच्या वतीने नम्र विनंती. थंड पदार्थ चालतील.' खाली चौऱ्याण्णव जणांनी हात जोडले होते. एका माणसाची सूज टिकावी म्हणून एवढी एकी गावाने ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही दाखवली नव्हती. कुणालने तर बॅनरचा मजकूरही करून आणला. त्यावर निवेदक म्हणून सावळारामचं नाव होतं.

"अरे, मी जिवंत आहे!" पंढरी ओरडला.

"हां दादा, पर पब्लिक को वो चाहिए ना," कुणाल म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरकला, कारण ओरडणंही सावळारामचंच होतं.

भाविका तेवढी एकटी बापाच्या बाजूची. "बाबा, माझ्या हळदीत तुम्ही बोलायचं. आजोबा मला आवडायचे. पण ते माझे बाबा नाहीत. तुमचा तो घाणेरडा आवाजच पाहिजे मला."

पंढरीला 'घाणेरडा' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा गोड लागला.

त्याने आईला गाठलं. लिहून दाखवावं तर तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बोलावंच लागलं. तिने पदर ओढला, पाठ केली.

"आई, बाटल्या तू लपवल्यास."

"लपवल्या."

"मला माझा आवाज पाहिजे. माझ्या पोरीची हळद आहे."

हौसा पाठ तशीच ठेवून म्हणाली, "हलदीच्या दिशी मी हाका मारनार हाय. ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. हौसा धवलारीण होती, लग्नविधीची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी. आणि त्यांच्या घराण्यात हळद लागायच्या आधी धवलारीण गेलेल्यांना नावं घेऊन मांडवात बोलावते. प्रत्येक नावाला घरातलं कुणीतरी जिवंत माणूस 'आलो' म्हणतं, त्याच्या वतीने. बापासाठी थोरल्या मुलाने म्हणायचं. गेल्या नऊ वर्षांत भावकीत सहा लग्नं झाली, सहा वेळा पंढरी 'आलो' म्हणाला होता.

"सा येला हाक मारली," हौसा म्हणाली. "सा येला तू त्या नाकातून बोललास. मला कसा वाटनार, त्यो आला म्हनून? त्या दिशी सकाली त्यो म्हनला, येतो गो. मी सुकट निवडत होते. कशावरून तरी चिडले होते, आता आठवत पन न्हाय. मी जा म्हनले न्हाय, लवकर ये म्हनले न्हाय. रिक्षात बसला आनि भिवंडीत पोचायच्या आधीच." तिने हात झटकला. "येतो म्हनून गेला. आलो म्हनला न्हाय. येकदा म्हन. मग धू तुजा नाक."

पंढरीने त्या दिवशी बाटलीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला. तिसऱ्या दिवशी नाही. कधी लेक, कधी आई. नाकपुडी उघडावी की बंद राहावी यावर एवढी घालमेल जगात दुसऱ्या कुणाची झाली नसेल.

*

हळदीच्या सकाळी पंढरी अंगणात आला, मांडववाल्याने टाकलेल्या नव्या रेतीची धूळ नाकात गेली, आणि त्याला शिंक आली. साधीसुधी नाही. सात आठवड्यांची. डोळ्यांपुढे काजवे चमकले, डोक्यात कुठेतरी कडी काढल्यासारखं झालं, आणि दोन्ही बाजूंनी गार वारा एकदम आत शिरला.

"आयला," तो म्हणाला.

आवाज त्याचा होता! भुंगा थोडासा होता, डबा गेला होता. श्वास घेतला तर सुर्रर्र नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसा बसला होता, नेमका आजच. पंढरीने कुणालच्या माइकवर चाचणी घेतली. भाविकाने आतून किंकाळी फोडली आणि अर्ध्या मेंदीच्या हातांनी बाहेर धावत आली. विनिताने डोळे पुसले आणि उशी परत जागेवर नेऊन ठेवली.

हौसा तेव्हा विहिरीवर देवाचं पाणी आणायला गेली होती. तिने ऐकलं नव्हतं.

पंढरीने दुपारपर्यंत तोंड उघडलं नाही. खुणा केल्या. मांडवात पाहुणे येत होते, अकलोलीची आत्या येऊन पहिल्या रांगेत बसली होती, माइक तयार होता, आणि हा माणूस घरामागे उभा राहून नाक दाबून, जीभ मागे ओढून, गाल फुगवून 'आलो, आलो' म्हणून बघत होता. बाप येत नव्हता. सर्दी झालेला पंढरी येत होता.

चार वाजता तो भाविकाच्या खोलीत गेला. ती पिवळ्या साडीत बसली होती. त्याने तिच्या मेकअपच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"काय पाहिजे?"

"कापूस."

"कशाला?" मग तिला कळलं. "बाबा, कापूस कोंबलात तर पुढचं सगळं तसंच बोलावं लागेल. आजीसमोर काढता येणार नाही."

"माहितीये."

"सगळी हळद?"

"मी पाचशे हळदीत बोललोय," पंढरी म्हणाला. "एक कमी झाली तर काय."

ते त्याला इतकं लागलं होतं की तो तिच्याकडे बघत नव्हता. भाविकाने कापसाचे दोन बोळे करून त्याच्या हातावर ठेवले.

मांडवात हौसा मधोमध पाटावर बसली होती. समोर तांब्या, त्यात आंब्याचा टहाळा. तिने डोळे मिटले आणि सुरू केलं. तिचा आवाज म्हातारा होता पण रेषेसारखा सरळ.

*खाडीपल्याडचं या गो, बांधावरचं या,*
*मांडव घातला, पानी ठेवला, हलदीला या.*

"रामू," तिने हाक मारली. पंढरीचा चुलतभाऊ म्हणाला, "आलो." लोक आपसांत बोलत होते, पोरं पळत होती. "काशी," तिने हाक मारली. मागून एक बाई "आले" म्हणाली, आणि शेजारणीला विचारलेलं वाक्य पुढे चालू ठेवलं.

पंढरी माइकच्या बाजूला उभा होता. दोन्ही नाकपुड्यांत कापूस. श्वास तोंडाने. नवशाकाकांनी मान तिरकी केली. सगळा मांडव हळूहळू गप्प झाला, कारण पुढचं नाव सगळ्यांना माहीत होतं. पंखे गरगरत होते, तेवढाच आवाज.

"सावलाराम," हौसा म्हणाली.

पंढरीने ओठ उघडले. जीभ मागे ओढली.

"आलो गो."

पंढरीचे ओठ उघडेच राहिले. त्यांतून अजून काहीच निघालं नव्हतं. आवाज मांडवाच्या दारातून आला होता, त्याच्या पाठीमागून, जाड, ओला, संथ. लांबून चालत आल्यामुळे जरा दमलेला.

कुणालने दोन्ही हात वर केले. "दादा, माइक बंद आहे," तो कुजबुजला. "सगळंच बंद आहे."

दारात कुणी नव्हतं. दारातली पोरं मात्र दोन्ही बाजूंना सरकून उभी होती, वाट दिल्यासारखी, आणि आपण का सरकलो ते त्यांना कळत नव्हतं.

हौसाने डोळे उघडले नाहीत. पदर कपाळापर्यंत ओढला, तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडलं, आणि हलक्या आवाजात, फक्त पंढरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "कापूस काढ नाकातला. बाप आलाय. आता तू तुजं काम कर."

पंढरीने कापूस काढला. माइकची कळ दाबली. पण निवेदक तो निवेदक; मांडवात पाहुणा आला आणि निवेदकाने नाव घेतलं नाही, असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याने श्वास घेतला. अजिबात वाजला नाही.

"मंडळी," तो म्हणाला, आणि भोंग्यांतून अंजूरभर त्याचा स्वतःचा आवाज गेला, "वधूचे आजोबा श्री. सावळाराम यांचं मांडवात आगमन झालेलं आहे. त्यांचं मनापासून स्वागत. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी कृपया जागा करून द्यावी."

कुणी हसलं नाही. अकलोलीची आत्या उठली, पर्स उचलली आणि दोन खुर्च्या सोडून बसली. रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे चारही पाय नव्या रेतीत हळूच बोटभर खाली गेले.

हौसाने एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग डोळे मिटून पुढचं नाव घेतलं, आणि त्या नावालाही उत्तर दारातूनच आलं.

पंढरीने माइक घट्ट धरला. यादी अजून बरीच मोठी होती, आणि पुढच्या रांगेत खुर्च्या फक्त बारा.